पहिलं निवासी क्रीडा शिबिर: तालमीच्या रात्रीला पूर्ण गुण, वेळापत्रकाला निम्मे, फोटोंना शून्य

मुलांच्या निवासी क्रीडा शिबिरांची परीक्षणं मी ढिगाने वाचली. मैदान मस्त, कोच छान, मुलं खूष, यापलीकडे कुणी जातच नाही. मला वेगळंच हवं होतं. पोरगी पहिल्यांदाच आमच्याशिवाय राहणार, तर तिथे पोचायच्या आधी हे लोक तिची आणि आमची काही तयारी करून घेतात, की फी भरून घेऊन थेट गेटवरच भेटतात? म्हणून हे परीक्षण मुख्यतः शिबिराच्या पूर्वतयारीचं आहे. म्हणजे त्यांनी पाठवलेली सामानाची यादी, आरोग्याचा फॉर्म, पालकांची ऑनलाइन सभा, शिबिराआधी काही आठवडे ठेवलेली एका रात्रीची मुक्कामी तालीम आणि व्यायामाचा तक्ता. शिबिराचं नाव देत नाही. पुढे तक्रारीही आहेत, आणि ज्या पालकांना उपयोग व्हायचा त्यांना नावाशिवायही होईल.

लेक दहा वर्षांची, फुटबॉलमध्ये गोलकीपर. आजीकडे पुष्कळदा राहिली आहे, पण आजी वेणी घालून देते आणि पांघरूणही सारखं करते, त्यामुळे तो अनुभव मी धरत नाही. माझं काम हिशेब तपासायचं. कागद समोर आला की पेनचं टोपण आपोआप निघतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण काहींना हे परीक्षण फार कटकट्या बाईने लिहिलंय असं वाटेल. ते खरंच आहे.

आधी यादी. यादी चांगली आहे, आणि चांगली अशासाठी की ती लहान आहे. काय आणू नये हे काय आणावं याच्या आधी लिहिलं होतं: चाकांची कडक बॅग नको, नवे बूट नकोत, घड्याळाच्या नावाखाली फोन नको, वाटून खायचा खाऊ नको, कारण खोलीतल्या कुणाला कसली ॲलर्जी आहे हे तुम्हाला माहीत नसतं. चाकांच्या बॅगेवर आमच्या घरी चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, चाकं असली की पोरीला ओझं होणार नाही. पण गवतावर आणि खडीवर चाकं चालत नाहीत, आणि बंक बेडच्या खालच्या फटीत कडक बॅग जात नाही. मऊ, एका मोठ्या चेनची, खांद्याला लावता येणारी बॅग घेतली. विकत घेताना दुकानात ती भरून बघितली नाही तर काही कळत नाही. रिकामी बॅग सगळ्यांनाच उचलता येते. भरलेली बॅग घेऊन लेकीला जिना चढून उतरायला लावलं आणि तिने स्वतःच दोन स्वेटशर्ट बाहेर काढले. माझ्या सांगण्याने ते निघाले नसते.

बॅग भरण्याबाबत यादीत एकच वाक्य जाड अक्षरांत होतं: 'बॅग मुलाने भरायची, पालकांनी बघायचं.' हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत दारावर लावलं असतं. आईने भरलेल्या बॅगेतली वस्तू मुलाला सापडत नाही. सापडली तरी परत आत बसत नाही. आम्ही एकेका दिवसाचे कपडे एकेका पारदर्शक चेनच्या पाऊचमध्ये घातले. जर्सी, चड्डी, आतले कपडे, मोजे. रिकामं झालेलं पाऊच मळक्या कपड्यांना. ही युक्ती यादीत नव्हती, माझी आहे, आणि ती चालली. एक पाऊच मात्र तिने भलत्याच गोष्टीसाठी वापरलं, ते पुढे येईल.

कपड्यांवर नाव घालायला सांगतात सगळेच. कसं घालायचं ते कुणी सांगत नाही. खेळाच्या जर्सी पॉलिएस्टरच्या असतात. इस्त्रीने चिकटवायची लेबलं त्यावर लावायला गेलं तर इस्त्री जरा तापली की कापडावर चकाकी येते, कडा आकसते. ताप कमी ठेवला तर लेबल धुण्यात सुटून मशीनच्या तळाशी गोळा होतं. त्यापेक्षा धुण्याच्या सूचनांची जी पांढरी पट्टी आत शिवलेली असते, तिच्यावर कापडाच्या मार्करने नाव लिहावं. मोज्यांना तीही नसते, तिथे तळव्यावर आद्याक्षर. शिनगार्डच्या (नडगीला बांधायच्या प्लास्टिकच्या ढालीच्या) आत चिकटपट्टी लावून लिहिलं, तर ती घामाने निघून आली. थेट प्लास्टिकवर लिहिलेलं टिकलं. पाण्याच्या बाटलीवर झाकणावर आणि बुडावर, दोन्हीकडे, कारण बाटल्या हरवतात त्या झाकणांच्या अदलाबदलीपासून.

गोलकीपरच्या पालकांसाठी थोडं जास्त लिहिते, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. हातमोजे ही यादीतली सगळ्यात नाजूक वस्तू आणि त्याबद्दल यादीत अक्षर नाही. तळव्यावरचं लॅटेक्स खेळायच्या आधी थोडं ओलं करावं लागतं, तरच ते चेंडू धरतं. खेळून झालं की चिखल कोमट पाण्यात, न पिळता, नुसतं दाबून काढायचा आणि सावलीत टांगायचे. उन्हात वाळवले की लॅटेक्स कडक होऊन भेगाळतं. ओले तसेच प्लास्टिकमध्ये कोंबले तर दुसऱ्या दिवशी सगळ्या खोलीला वास कळतो. दोन हातमोजे तळव्याला तळवा लावूनही ठेवायचे नाहीत, चिकटतात आणि ओढताना लॅटेक्सचा पापुद्रा निघतो. घरी हे सगळं मीच करत होते. शिबिराच्या आधीपासून ते तिच्याकडे दिलं. पहिल्या काही वेळी बाथरूमभर चिखल झाला, मी दार लावून घेतलं आणि बाहेर बसले.

बुटांबाबत शिबिराचं म्हणणं सोळा आणे बरोबर. नवे बूट शिबिरात पहिल्यांदा घालणं म्हणजे पहिल्याच संध्याकाळी टाचेवर फोड, आणि रोज तासन्तास पळायचं असेल तर तो फोड भरायला सवडच मिळत नाही. नवे घ्यायचेच असतील तर निदान दोनेक आठवडे आधी घ्यावेत, खेळायच्याच मोज्यांवर माप बघावं, संध्याकाळी बघावं कारण पाय दिवसभरात थोडे फुगतात, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. सुती मोजे घाम शोषतात आणि ओलेच राहतात, आणि ओली कातडी लवकर सोलते. आम्ही खेळाचे कृत्रिम धाग्याचे मोजे दिले आणि रोज लागतील त्यापेक्षा जास्त जोड्या दिल्या. बाकी कपड्यांत काटकसर करा, मोज्यांत नको. आंघोळीच्या जागेसाठी वेगळ्या चपला हव्यातच. सामायिक ओल्या फरशीवरून पायाच्या बोटांमधलं बुरशीचं दुखणं पसरतं.

आरोग्याचा फॉर्म. हा मी पेन घेऊन वाचला आणि पेन फारसं चाललं नाही. ॲलर्जी, दम्याचा पंप, चष्मा, धनुर्वाताची लस शेवटची कधी, आधी कधी डोक्याला मार लागला होता का, हे सगळं विचारलं होतं. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पोचल्यावर थेट नर्सच्या हातात; बॅगेत एकही गोळी नको, अगदी डोकेदुखीचीही. दम्याचा पंप किंवा तीव्र ॲलर्जीचं इंजेक्शन मैदानावर मुलाजवळ राहणार की कोचकडे, हा प्रश्न वेगळा विचारला होता. तो विचारणं महत्त्वाचं आहे, कारण कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवलेल्या पंपाचा मैदानावर काही उपयोग नसतो.

मला सगळ्यात आवडला तो फॉर्मच्या शेवटचा खाजगी भाग, जो फक्त नर्स आणि खोलीच्या ताई वाचतात. रात्री अंथरूण ओलं होतं का? झोपेत चालतं का? मुलगी असेल तर पाळी सुरू झाली आहे का, आणि नसेल तर तिला त्याविषयी कुणी सांगितलं आहे का? शेवटचा प्रश्न वाचून नवरा म्हणाला, 'अगं, दहाच वर्षांची आहे ती.' दहाव्या-अकराव्या वर्षीही सुरू होते, आणि ती नेमकी शिबिरात सुरू झाली तर पोरीला काय चाललंय ते कळायला हवं. आमचं बोलणं झालेलं होतं, पण त्या प्रश्नामुळे आम्ही पुन्हा बसलो, आणि एका छोट्या पाऊचमध्ये लागणारं सगळं घालून दिलं. ते उघडावं लागलं नाही.

अंथरूण ओलं होण्याविषयी फॉर्मसोबत अर्ध्या पानाची टीप होती आणि ती जपून ठेवण्यासारखी आहे. दहाव्या वर्षीही वीसातल्या साधारण एखाद्या मुलाला हा त्रास असतो, म्हणजे मोठ्या शिबिरात असं कुणी ना कुणी असणारच. खोलीच्या ताईंना आधीच माहीत असेल तर सकाळी बाकीची मुलं उठायच्या आत अंथरूण गुपचूप बदललं जातं. पण टीपेतला खरा मुद्दा औषधाचा होता. काही मुलांना शिबिरापुरती डेस्मोप्रेसिनची, म्हणजे रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून असलेली गोळी दिली जाते. ती घेतल्यावर रात्रभर पाणी अगदी बेताने प्यायचं असतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. आणि क्रीडा शिबिरात तर दिवसभर 'पाणी प्या, पाणी प्या' चालू असतं. संध्याकाळच्या सामन्यानंतर बाटलीभर पाणी पिऊन लगेच गोळी घेणारं मूल डोळ्यांसमोर आणा. म्हणून ती गोळी डॉक्टरांशी बोलून आधी घरी घेऊन बघायची आणि नर्सला वेळ लिहून द्यायची. एवढं बारकाईने लिहिणाऱ्या माणसाला मी पूर्ण गुण देते, मग तो कुणीही असो.

आता ज्यासाठी मी हे शिबिर पुन्हा निवडेन ती गोष्ट: मुक्कामाची तालीम. शनिवारी दुपारी सोडायचं, रविवारी सकाळी न्यायचं. त्याच खोल्या, त्याच ताई, त्याच घंटा. मैदानावर थोडा खेळ, पण खरा कार्यक्रम म्हणजे रात्र. परत आल्यावर लेकीने जे सांगितलं त्यातलं एकही मला सुचलं नसतं. वरच्या बंकवरून अंधारात उतरताना पाय कुठे ठेवायचा हे दिवसा बघून ठेवावं लागतं. रात्री बाथरूमचा दिवा बाहेरच्या भिंतीवर आहे. स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही, आणि सुटे केस गोलकीपरच्या डोळ्यांत येतात. टॉवेल कुठे वाळत घालायचा हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शेवटचं सगळ्यात मोठं. अनोळखी मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं ही तिची खरी अडचण होती, सामान नव्हे. आमच्या देखत तिच्या वतीने आम्हीच विचारत आलो, त्यामुळे ते आमच्या लक्षात यायला जागाच नव्हती. मग पुढचे आठवडे दुकानात, वाचनालयात, दवाखान्यात जे विचारायचं ते तिनेच विचारायचं असं ठरलं. पहिल्यांदा तिने काउंटरवरच्या काकांना इतक्या हळू आवाजात विचारलं की त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. केसांचं म्हणाल तर ते तिने खांद्यापर्यंत कापून घेतले आणि प्रश्न निकालात काढला.

तालमीच्या रात्री काही मुलं रडली. एक जण रात्रीच घरी गेला असं कळलं. शिबिराने ते लपवलं नाही आणि त्या मुलाला मुख्य शिबिराची जागा राखून ठेवली. ज्यांच्याकडे अशी तालीम नसेल त्यांनी ती स्वतः घडवावी. मित्राच्या किंवा मावशीच्या घरी मुक्काम, मधे फोन नाही, स्वतःचं अंथरूण स्वतः घालायचं.

पालकांच्या सभेचा सूरही याच रात्रीशी जुळलेला होता. शिबिरप्रमुख ताई पहिल्याच मिनिटात म्हणाल्या, 'एक वचन देऊ नका. करमलं नाही तर लगेच न्यायला येतो, असं म्हणू नका.' माझ्या शेजारी नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला, कारण हेच वाक्य त्याच्या ओठांवर दिवसभर घोळत होतं. कारणही ताईंनी दिलं. असं वचन मिळालं की मुलाला ऐकू येतं ते एवढंच, की तुला जमेल यावर आईबाबांचाच विश्वास नाही. मग पहिला जड क्षण आला की ते तग धरायचे मार्ग शोधत नाही, नुसती दाराकडे नजर लावून बसतं. हे काही त्यांच्या मनचं नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ साली मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर थर्बर आणि डॉक्टर एडवर्ड वॉल्टन यांचा याच विषयावरचा अहवाल प्रसिद्ध केला होता, त्यातही हीच सूचना आहे. शिवाय शिबिर निवडताना मुलाला बरोबर घ्या, आधी घराबाहेर राहायचा सराव करून घ्या, स्वतःची काळजी त्याच्यापुढे उगाळू नका, हेही त्यात आहे. घरची आठवण येणं स्वाभाविक आहे, जवळपास सगळ्यांनाच थोडीफार येते, हे त्यांचं पहिलंच गृहीतक.

मग म्हणायचं काय? आमच्या घरात ठरलेलं वाक्य असं होतं: 'आठवण येईल. आली की काय करायचं ते तुला माहीत आहे.' आणि काय करायचं हे तिने स्वतः कागदावर लिहिलं. ताईंना सांगायचं, पत्र लिहायचं, खोलीत एकटं बसायचं नाही, आणि (हे तिचं) हातमोजे धुवायला घ्यायचे. हात कामात असले की रडू येत नाही असं तिचं निरीक्षण. माझंही आहे, पण मी ते तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. घरून एक ओळखीची वस्तू न्यायची मुभा होती. मला वाटलं सशाचं खेळणं नेईल. तिने माझ्या उशीचा अभ्रा मागितला, आणि तो धुवायचा नाही अशी अट घातली. तो कपड्यांच्या एका पाऊचमध्ये हवाबंद करून नेला. पाऊच भलत्या कामाला वापरलं म्हणाले होते, ते हे.

इथपर्यंत कौतुक. आता पेन चाललं ती जागा.

व्यायामाचा तक्ता सगळ्यांना एकच. आठ वर्षांच्या पोराला आणि चौदाच्या मुलाला, स्ट्रायकरला आणि गोलकीपरला तेच पळणं, तेवढ्याच उठाबशा. कुठूनतरी मोठ्यांचा तक्ता उचलून आकडे कमी केल्यासारखा. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शिबिराचं वेळापत्रक. मैदानावरचे तास मी जोडले तर दिवसाला साडेपाच भरले. सहा दिवसांचे तेहतीस. क्रीडावैद्यक डॉक्टर नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १८ वयोगटातल्या सुमारे १,२०० मुलांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याचे संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त असतील, तर अतिवापराच्या, म्हणजे एकाच अवयवावर पुन्हा पुन्हा ताण पडून होणाऱ्या गंभीर दुखापतींची शक्यता वाढलेली त्यात दिसली. दहा वर्षांच्या मुलीला म्हणजे आठवड्याला दहा तास. तो अभ्यास महिनोन्महिने चालणाऱ्या सरावाबद्दलचा आहे, एका आठवड्याच्या शिबिराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मलाही कळतं. पण घरी आठवड्याला पाच-सहा तास खेळणाऱ्या मुलाला एका रविवारनंतर तेहतीस तास खेळायला लावायचे, तर मधली पायरी कुणी बांधायची? ती या तक्त्यात असायला हवी होती.

झोपेचंही तसंच. रात्री दहाला दिवे बंद, सकाळी सहाला घंटा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी. इथे आठच होतात, तेही नव्या जागी, आठ मुलींच्या खोलीत, जिथे पहिल्या रात्री कुणी दहाला झोपत नाही.

मी दोन्ही हिशेब मांडून मेल लिहिली. उत्तर मुख्य कोचनी स्वतः दिलं, आणि ते उत्तर छापील कागदांपेक्षा कितीतरी चांगलं होतं. पहिले दोन दिवस निम्म्या जोराने, दुपारचं सत्र बहुतेक वेळा व्हिडिओ आणि फळ्यावरचं, जेवणानंतर दीड तास सक्तीचा आडवा आराम, लहान गटाला दिवे साडेनऊला. गोलकीपरना रोजच्या उड्यांची मर्यादा. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात म्हणून घरी शिबिराच्या वेळेलाच थोडं थोडं खेळवा, हेही त्यांनीच सांगितलं. आता एवढं सगळं ठरलेलं आहे तर ते कागदावर का नाही? जी आई मेल लिहिते तिलाच हे कळणार, बाकीचे पालक तो तक्ता फ्रिजला लावून पोराला पळवत बसणार. म्हणून निम्मे गुण कापले.

त्याच मेलमध्ये मी सुरक्षेचे प्रश्नही घातले होते आणि प्रत्येक पालकाने ते घालावेत. कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटा असू शकतो का? इजा झाली तर तपासताना दुसरं कोण हजर असतं? कर्मचारी मुलांशी खाजगी मेसेजवर बोलू शकतात का? मुलीने तक्रार करायची तर कुणाकडे, आणि त्याच व्यक्तीबद्दल करायची असेल तर? उत्तराला लेखी धोरण जोडलेलं होतं. डोक्याला मार लागल्याचा संशय असेल तर त्या दिवशी पुन्हा मैदानावर नाही, मूल कितीही 'मी बरी आहे' म्हणालं तरी, हा नियम त्यातच होता. या प्रश्नांवर जे शिबिर नाराज होईल तिथे पाठवू नका, बाकी काही बघायची गरज नाही.

आणि फोटो. शिबिर पालकांसाठी एक ॲप चालवतं आणि रोज रात्री त्यावर शेकड्याने फोटो येतात. जाहिरातीत हे मोठ्या अभिमानाने सांगितलंय. प्रत्यक्षात काय होतं? आमच्या घरात रोज रात्री दोन प्रौढ माणसं बोटांनी फोटो मोठे करून एका मुलीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसली होती. एका फोटोत ती गोलपोस्टला टेकून एकटी उभी. नवरा म्हणाला, 'बघ, एकटी पडलीये.' गोलकीपर आहे ती, एकटीच उभी राहणार! पालकांच्या ग्रुपवर त्याहून वाईट प्रकार. माझा मुलगा एकाही फोटोत नाही, माझ्या मुलीच्या अंगावर कालचीच जर्सी आहे, अमुकच्या मुलाचे फोटो जास्त का. काहींनी कार्यालयात फोन केले, मग ताई बिचाऱ्या त्या मुलांना शोधून कॅमेऱ्यासमोर हसवत होत्या. सभेत 'मुलांना त्यांचं जग असू द्या' सांगायचं आणि रात्री त्या जगाला खिडकी पाडून द्यायची, हे जुळत नाही. शिवाय फोटोंची संमती प्रवेशअर्जाच्या शेवटच्या अटीत गुंडाळलेली, वेगळी सही नाही, नकाराला रकाना नाही, फोटो ॲपवर किती दिवस राहणार याचा उल्लेख नाही. माझ्या धंद्यात अशा कागदावर सही होत नाही. खाली 'फोटोंना हरकत आहे' असं हाताने लिहून पाठवलं होतं. फोटो आलेच.

त्यापुढे पत्रं कितीतरी बरी. दुपारच्या आरामात मुलं लिहायची, पोचायला वेळ लागायचा, आणि तोवर त्यातलं दुःख शिळं झालेलं असायचं. लेकीचं पहिलं पत्र असं: 'इथे ठीक आहे. काल रडले पण थोडंच. ताईंना विचारलं टॉवेल कुठे. माझे ग्लव्हज सगळ्यात स्वच्छ आहेत असं सर म्हणाले. मोजे खूप आहेत, एवढे कशाला दिले.' हे पत्र आमच्या हातात आलं तेव्हा ती दुसऱ्या गटाविरुद्ध सामना खेळून मोकळी झाली होती.

परत आलेल्या सामानाचा ताळेबंद: एक शिनगार्ड, टॉवेल आणि बाटलीचं झाकण गहाळ, कुणाचं तरी झाकण जमा. टॉर्च उपयोगी, डोक्याला बांधायचा घेतला हे बरं झालं, बंकवरून उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. सनस्क्रीन पाऊण ट्यूब शिल्लक. म्हणजे दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं हे तिथे कुणी बघत नव्हतं. पुढच्या वेळी कोचच्या शिट्टीला जोडून लावायची सवय घरीच लावावी लागेल. पाऊस-जॅकेट घडीसुद्धा मोडलेली नाही. मोज्यांच्या सगळ्या जोड्या वापरलेल्या, 'एवढे कशाला' म्हणणाऱ्या बाईंनी.

शिफारस करते का? ज्या मुलाला स्वतःहून जायचंय आणि ज्याचे पालक फोटोंचं ॲप उघडणार नाहीत, त्यांना नक्की. मुलाला खेळ आवडतो की त्याच्या वडिलांना, याबद्दल शंका असेल तर आधी नुसती तालीम करून बघा, ती स्वतंत्रपणे घेता येते. दम्याची किंवा ॲलर्जीची मुलं असतील तर या नर्सवर मी डोळे मिटून भरवसा ठेवीन. कोचना मेल मात्र जरूर लिहा, तक्त्यावर जाऊ नका. लेकीने पुढच्या वर्षीसाठी वरचाच बंक मागून ठेवलाय. मी कार्यालयाकडे फोटोंच्या नकाराचा वेगळा रकाना मागितलाय; नोंदणी सुरू व्हायच्या आत तो आला तर उरलेले गुणही देईन.